तेलविहिरीची मी मॉडेल

मी मॉडेल बोलतेय. लगेच सावरून बसू नका, रॅम्पवर चालणारी नव्हे. मी चालते कॉम्प्युटरवर, आणि चालते म्हणजे काय, रखडते. चंदीगडच्या इंडस्ट्रियल एरियात एका छोट्या ऑफिसात माझा जन्म. मला बनवणारी विनया, मूळची अकोल्याची.

दूर वाळवंटात एक तेलविहीर आहे, तिची मी नक्कल. तिथला खडक भलताच घट्ट. आत तेल आहे, पण बाहेर यायला वाटच नाही. म्हणून पाण्याच्या दाबानं खडकाला तडे पाडतात. पुढं किती तेल येईल, ते मला विचारतात. जसं काही मला कळतंच!

पहिल्या काही महिन्यांत जितकं तेल आलं, त्याच्याशी विनयानं मला जुळवलं. अगदी पत्रिका जुळवतात तसं. मागचं जुळलं की पुढचंही बरं होणार, असं माणसं धरूनच चालतात.

पण पुढं माझा आलेख धाडकन खाली आला आणि शेपटीसारखा जमिनीलगत सरपटत राहिला. कंपनीला शेजारी दुसरी विहीर खोदायची होती. खोदली तर आमच्या ऑफिसला काम, नाहीतर विनयाची नोकरी गेली.

"मॅडम जी, पूंछ थोडी उठाओ ना यार," ऑफिसचे मालक बत्रासाहेब म्हणाले.

"सर, दरारें बंद हो रही हैं. तेल आएगा ही नहीं."

"मॉडेल ही तो है! कौन देखने जा रहा है?"

"पत्थर देखेगा, सर."

तरी तिनं एकदा तडे उघडेच राहतात असं धरून पाहिलं. शेपूट उठली. काय देखणी दिसत होते मी! आणि मागचे महिने तरीही तस्सेच जुळत होते.

"बाई गं, तू तर काहीही सांगशील," विनया म्हणाली. तिनं तडे पुन्हा मिटू दिले.

कंपनीनं मला नाकारलं आणि दुसऱ्या ऑफिसची मॉडेल पसंत केली. आता तिच्या भरवशावर खोदकाम सुरू आहे.

काल विनया टेबल आवरत होती, तेवढ्यात झिरकपूरहून लेकीचा, स्वरालीचा फोन आला.

"मम्मा, तेल निकला क्या?"

"नाही गं. घरीच येतेय."

"इतनी जल्दी?"

"हो. आता रोजच."

सोमवारी हा कॉम्प्युटर पुसणार आहेत, मीही जाईन. तुमच्याकडं एकच मागणं. त्या नव्या विहिरीतून तेल नाही आलं, तर मला कळवायचं राहूनच जाईल, राहू दे. पण आलंच, तर विनयाला तेवढं सांगू नका.