सत्तेचाळीस क्रमांकाचं पाकीट

"कुटुंब क्रमांक सत्तेचाळीस. हिवाळेसाहेब. उपकारस्तुतीचं विशेष अर्पण, रुपये पाच हजार!"

खजिनदारांनी चष्मा वर करून आकडा पुन्हा वाचला, कारण त्यांचाही विश्वास बसला नव्हता. चर्चमध्ये आधी माना वळल्या, मग टाळ्या. कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपात तीस वर्षं स्टोअर सांभाळलेले हिवाळेसाहेब सही घेतल्याशिवाय देवालाही खिळा देणार नाहीत, असं निम्मी मंडळी म्हणे. उरलेली निम्मी म्हणे, सही घेऊनही नाही. साहेब अर्धवट उठले, अर्धवट बसले. नाही म्हणावं, तर टाळ्या चालू होत्या.

शेवटच्या बाकावर राहेलबाईंच्या हातून गीतांचं पुस्तक घसरलं. ते पाच हजार त्यांचे होते.

राहेलबाई सकाळी एका दवाखान्यात आया आणि संध्याकाळी हिवाळ्यांच्या घरी कामाला. साहेबांची बायको शलोमीबाई दीड वर्ष अंथरुणावर. त्यांचं अंग पुसणं, कूस बदलणं राहेलबाईंकडे. राहेलबाईंच्या स्वतःच्या लेकीला नऊ वर्षं मूल नव्हतं. तेव्हा त्यांनी देवाला शब्द दिला होता. नवस आपल्यात करत नाहीत, म्हणून शब्द. एक नातवंड दे, पाच हजार देईन आणि कुणाला कळू देणार नाही. दुसरी अट त्यांनी स्वतःहून वाढवलेली. लोकांना दाखवून दान दिलं की प्रतिफळ इथंच संपतं, वर देवाकडे काही शिल्लक राहत नाही, हे पाळकसाहेबांचं प्रवचनातलं बोलणं त्यांनी पक्कं धरलं होतं.

नात झाली. पैसे साठले. बिननावाचं पाकीट हवं म्हणून साहेबांच्या खणात पडून असलेल्या कोऱ्या गठ्ठ्यातलं एक त्यांनी उचललं. चर्चची मंडळी पगारदार आणि पेन्शनर कुटुंबांना अर्पणासाठी वर्षाची बारा पाकिटं देते आणि आतल्या घडीवर बारीक क्रमांक छापलेला असतो, हे दानाच्या थाळीत सुटे पैसे टाकणारीला कुठून ठाऊक?

आता सगळाच घोळ. बोलावं तर शब्द मोडतो, आणि तीन महिन्यांच्या नातीला त्याचं काय भोगावं लागेल कोण जाणे. गप्प बसावं, तर वर जमा कुणाच्या नावावर? देव माणूस बघतो की पाकिटाचा क्रमांक?

"बग की राहेल, दगडाला पाझर फुटला!" बाहेर पडताना एकीनं कोपरानं ढोसलं. "तू तर रोज त्या घरात जातीस. तुला बी कायतरी सुटतंय का न्हाय?"

"मला पगार हाय की," राहेलबाई म्हणाल्या आणि चपला उलट्या घालून चालू लागल्या.

संध्याकाळी शलोमीबाईंचा चेहरा उजळलेला. सकाळपासून सात फोन आले होते.

"राहेल, ऐकलंस ना? माझ्यासाठी दिले ह्यांनी. बेचाळीस वर्षांत कधी गजरा आणला नाही, आणि आता एकदम पाच हजार! मला म्हणालेसुद्धा नाहीत."

"व्हय की, बाई. लई मोठं मन."

हे खोटं झालं की पुण्य, त्यांना ठरवता येईना. औषधानं शलोमीबाईंचा डोळा लागला, तशी स्वयंपाकघरातून हाक आली.

"खणात बारा पाकिटं होती," साहेब म्हणाले. "अकरा आहेत. तूच ना?"

"मला म्हाईत न्हाय, साहेब."

"माहीत नाही म्हणजे?"

"म्हंजे, पैसे कुणाचे ते म्हाईत हाय. दिले कुणी, ते आता न्हाय म्हाईत."

साहेबांनी खिशातून नोटा काढल्या. "हे घे. फिट्टंफाट."

"घेतले तर दिले तुमी. मग माजं द्यायचं ऱ्हायलंच की."

"बरं. मग उद्या खजिनदारांना सांगतो, ते माझे नव्हते म्हणून."

"अन् बाईस्नी कोण सांगणार?"

साहेबांनी दारातून आतल्या खोलीत झोपलेल्या बायकोकडे पाहिलं. हसू अजून ओठांवर तसंच होतं. "मग मी करू काय?" ते म्हणाले. तीस वर्षं लोक त्यांच्या स्टोअरच्या खिडकीशी उभं राहून हेच विचारायचे.

राहेलबाईंना तरी कुठं ठाऊक होतं? सात वाजले होते. कूस बदलायची वेळ. रोज या वेळी साहेब पेपर घेऊन व्हरांड्यात जाऊन बसत. राहेलबाई पलंगाशी गेल्या.

"त्ये बगू मागनं. तुमी हिकडं या. त्या बाजूनं धरा."

साहेबांनी नोटा डब्यावर ठेवल्या, हात लेंग्याला पुसले. कुठं धरायचं ते कळेना. राहेलबाईंनी त्यांचं मनगट धरून हात शलोमीबाईंच्या खांद्याखाली सरकवला.

"तीन म्हनलं की उचला."

साहेबांनी पाय रोवले, दम धरला आणि सगळा जोर लावला. तो फार जास्त झाला.

"एवढी हलकी?" ते म्हणाले.

"लई दिस झालं, साहेब," राहेलबाई म्हणाल्या आणि पाठीमागं उशी लावली. काम झालं होतं. साहेबांनी हात मात्र काढला नाही.