राखायला दिलेल्या पाटल्या

एझ्रा रोहेकरला खोटी शपथ घेता आली असती, तर हे सगळं दहा मिनिटांत निपटलं असतं. पण काही माणसांना साधी गोष्ट साधेपणानं मिटवताच येत नाही, त्याला कोण काय करणार!

झालं होतं ते असं. कात्रपला भाड्याच्या खोलीत राहणारी फ्लोराबाई पेणकर मुलीच्या बाळंतपणाला इस्राएलला निघाली. एकटी विधवा बाई. म्हातारपणाची पुंजी म्हणून जपलेल्या चार पाटल्या आणि एक मोहनमाळ तिनं अंबरनाथला एझ्राच्या घरी आणून दिली. एझ्रा एमआयडीसीतून रिटायर झालेला फिटर. या भागात बेने इस्राएलांची, म्हणजे मराठी ज्यूंची, जी थोडी घरं उरलीत, त्यांत सरळ माणूस म्हणून त्याचंच नाव पहिलं घेतलं जायचं. त्यानं एक पैसा न घेता सोनं कपाटात ठेवलं. ती परत यायच्या थोडं आधी, एका शनिवारी सकाळी एझ्रा आणि त्याची बायको हना प्रार्थनेला गेले असताना, कोणीतरी कडी तोडून कपाट साफ केलं. पोलीस येऊन पंचनामा करून गेले. चोर काही सापडला नाही.

फ्लोराबाई आली, सगळं ऐकून भिंतीला टेकून बसली. "तुमच्या घरातून गेलं ना भाऊ, मग तुम्ही तरी काय करणार," एवढंच म्हणाली. तिनं चार शिव्या घातल्या असत्या तर एझ्राला बरं वाटलं असतं.

तिचा तिकडचा जावई मात्र फोनवर हटून बसला. काय ते धर्माच्या कायद्यानं होऊ दे, म्हणाला. म्हणून समाजाची प्रार्थना चालवणारे शालोमकाका एझ्राकडे आले.

"घाबरू नकोस," काका म्हणाले. "फुकट राखणारा चोरीला जबाबदार नसतो. फक्त सेफर तोरासमोर उभं राहून शपथेवर सांगायचं. वस्तू माझ्याकडे नाही, मी ती नीट राखली, आणि स्वतःसाठी वापरली नाही. संपला विषय."

"आणि वापरली असेल तर?"

"मग तो राखणदार उरत नाही. काम झाल्यावर परत कपाटात ठेवली तरी नाही. पुढे चोरी होवो की आग लागो, भरपाई त्याचीच." काका चहा पिता पिता हसले. "पण तुला रे कशाला ती चिंता?"

एझ्रानं आपला कप न पिताच खाली ठेवला.

हनाच्या स्वतःच्या पाटल्या होत्या, लग्नातल्या. एझ्राच्या हृदयाचं ऑपरेशन निघालं तेव्हा तिनं त्या उल्हासनगरच्या सोनाराकडे मोडल्या आणि पुन्हा कधी त्यांचं नाव काढलं नाही. मग तिच्या भाचीचं लग्न आलं. निघताना हना नुसत्या काचेच्या बांगड्या भरत होती. एझ्रानं ते पाहिलं. "एका दिवसानं काय होतंय," असं म्हणत त्यानंच कपाट उघडलं आणि फ्लोराबाईच्या पाटल्या स्वतःच्या हातानं तिला घातल्या. हना नको नको म्हणत होती, पण आरशात दोनदा बघितलंही तिनं. घरी आल्यावर त्या पुसून जागच्या जागी ठेवल्या. त्याला त्यात काही गैर वाटलं नव्हतं. मेल्याचं प्रेम उतू चाललं होतं ना!

काका गेल्यावर हना नारळ खवता खवता म्हणाली, "घ्या की शपथ. आपण सोनं खाल्लं का? परत ठेवलं नव्हतं का?"

"वापरल्या होत्या गं."

"मी वापरल्या. तुम्ही नाही."

"मी घातल्या तुझ्या हातात."

"मग काय विकणार आता? हे घर? या वयात मला रस्त्यावर आणणार?" खवणी सरकवून ती उठली. "मी तुमचा जीव वाचवायला माझ्या दिल्या हो. त्याचं हे फळ."

देवाचं नाव घेऊन खोटं बोलायचं तर एझ्राच्या तोंडातून शब्द फुटणार नव्हता, आणि खरं बोलायचं तर छप्पर जाणार होतं.

रविवारी प्रार्थनेच्या खोलीत धर्मग्रंथाच्या गुंडाळीपुढचा पडदा बाजूला झाला. एझ्रा सेफर तोरासमोर उभा राहिला आणि म्हणाला, "मी शपथ घेणार नाही. मी पाटल्या एक दिवस वापरल्या. भरून देईन." हनाचं नाव त्यानं घेतलं नाही, पण सगळ्यांनी तिच्याकडेच पाहिलं. तिनं पदराखाली हात लपवले. काकांनी मुकाट्यानं पडदा ओढून घेतला.

घर उल्हासनगरच्या कॅम्प पाचमधल्या एका एजंटनं विकून दिलं. "अंकल, इतनी जल्दी में इससे ज़्यादा नहीं मिलेगा," म्हणाला तो, आणि ते खरंही होतं. एझ्रानं चौकटीवरची मेझुझा, देवाच्या वचनांची ती छोटी डबी, काढून खिशात घातली आणि चेक घेऊन कात्रपला गेला.

फ्लोराबाईनं चेक घेतला.

"भाऊ, शपथ घेतली असतीत ना, तर मी डोळे मिटून विश्वास ठेवला असता. जावयालाही गप्प केलं असतं." मग तिनं वर पाहिलं. "आता एक खरं सांगा. चोरानं नेलेल्यासाठी कोणी घर विकतं का? ते सोनं खरंच चोरीला गेलं का?"

"गेलं," एझ्रा म्हणाला.

तिचा विश्वास बसला नव्हता, ते तिच्या तोंडावर स्वच्छ दिसत होतं. त्याची सगळी कमाई म्हणजे हे नाव, आणि घर विकून त्यानं तेही घालवलं होतं.

भाड्याच्या खोलीत हना बांधलेल्या सामानावर बसून त्याची वाट बघत होती. घर विकल्यापासून ती त्याच्याशी धड बोलली नव्हती. तो चपला काढत असताना तिनं विचारलं, "काय म्हणाली फ्लोरा? माझ्याबद्दल काही म्हणाली?"

एझ्रानं खिशातली मेझुझा चाचपली.

"म्हणाली, हनाच्या हातात छान दिसल्या असतील."

हनानं त्याच्याकडे बघितलं आणि ती हमसून हमसून रडायला लागली. तिला ते खरंच वाटलं. एझ्रा खोटं बोलत नाही, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक होतं!