सुमनताईंचं दुसरं अक्षर

माघातल्या तिरप्या उन्हात कागदावर फिरणाऱ्या टाकाची ती कोरडी करकर मला अजून ऐकू येते, आणि ऐकू आली की संताप येतो. राहुरीच्या त्या पत्र्याच्या खोलीत, साखर कारखान्याच्या मळीचा आंबूस वास हवेत दाटलेला असताना, सुमनताई माझ्या चित्रकथांमधल्या माणसांना बोलतं करायच्या. चित्रं मी काढायचो. पात्रांच्या तोंडाशी तरंगणाऱ्या फुग्यांतली अक्षरं त्यांची. रडणाऱ्या म्हातारीचा 'ग' त्यांच्या हातून वाकून यायचा, चिडलेल्या कंडक्टरची वेलांटी चाबकासारखी सुटायची. तीस वर्षं आमच्या पुस्तकांना जो आवाज होता, तो त्या हाताचा होता.

एकदा आमच्या प्रकाशनसंस्थेचे संपादक कौतुकाने म्हणाले, "ताई, तुमचं अक्षर जपून ठेवायचंय. सगळी बाराखडी, जोडाक्षरं लिहून द्या." ताईंनी आठवडाभर मान मोडून ती लिहून दिली. वर्षभराने माझ्या चित्रकथांचं नवं पुस्तक आलं. अक्षर त्यांचंच, पण त्यातली एक ओळही त्यांनी लिहिलेली नव्हती. त्यांच्या हस्ताक्षराचा संगणकावरचा फॉन्ट झाला होता. म्हातारी हुंदका देवो की कंडक्टर ओरडो, प्रत्येक 'ग' एकाच साच्यातला, प्रेतासारखा ताठ. आणि अक्षरलेखक म्हणून नाव भलत्याचंच.

आम्ही दोघं पुण्याला संस्थेच्या कार्यालयात गेलो. संपादक हसून म्हणाले, "अहो ताई, अक्षर काय कुणाच्या मालकीचं असतं?"

"अक्षर न्हाई हो," ताई म्हणाल्या, "हात माझा हाय. त्यो न इचारता कसा नेला तुमी?"

संपादकांनी चहा मागवला. मी तेव्हा ते टेबल उलथायला हवं होतं. मी चहा प्यालो. माझ्या संतापातला निम्मा वाटा माझ्याच नावाचा आहे.

परतताना एसटीत ताई एवढंच बोलल्या, "त्ये अक्षर ऱ्हाऊ द्या त्यांना. मी दुसरं काढते." साठीला टेकलेल्या त्या बाईने स्वतःचं वळण स्वतःच मोडायला घेतलं. गोलाई तोडली, उभ्या रेघा कलत्या केल्या. जुनी सवय परत परत बोटांत शिरायची आणि त्या कागद टराटरा फाडायच्या. मनगट सुजलं. सहा महिन्यांनी नवं अक्षर उभं राहिलं: काटेरी, खडबडीत, बाभळीच्या फांदीसारखं, कुणाचीही खुशामत न करणारं. त्या अक्षरात आमचं एकच पुस्तक झालं, शेवगावच्या एका लहानशा छापखान्यात छापलेलं. मुखपृष्ठावर माझ्या नावाआधी त्यांचं नाव. गेल्या उन्हाळ्यात ताई गेल्या.

आता शिर्डीत गेलो की हारांच्या दुकानांवर, लॉजच्या पाट्यांवर, पुढाऱ्यांच्या वाढदिवसांच्या फलकांवर त्यांचं ते चोरलेलं अक्षर मला गाठतं. ज्या खोटेपणाला त्यांनी शाईचा थेंबही दिला नसता, तो त्यांच्याच वळणात मिरवत असतो. काळ माणसाच्या खुणा हळूहळू पुसतो म्हणतात. ताईंच्या बाबतीत त्याने खुणा सगळ्या शाबूत ठेवल्या आणि माणूस तेवढं पुसलं, आणि अशा अनुपस्थितीपुढे स्मरणालाही रागावाचून दुसरी भाषा उरत नाही.