हवेवरची गाडी

टायर आणि मडगार्ड यांच्यामध्ये काल संध्याकाळी दोन्ही बाजूंना चार बोटं सहज जात होती. आज सकाळी उजवीकडे चार गेली. डावीकडे चौथं बोट पत्र्याला अडलं. लखीरामने हात बाहेर काढला, पँटला पुसला आणि पुन्हा घालून पाहिला. फरक तेवढाच होता. शेडला रात्रभर कुलूप, गाडीला कोणी हात लावलेला नाही. म्हणजे डावीकडची हवा कुठूनतरी जात होती.

गाडी त्याच्या भाच्याची होती, बबलूची. बबलूने ती हौसेने इतकी खाली बसवून घेतली होती की फुलसावंगीहून तांड्यावर जाताना प्रत्येक गतिरोधकाला हंसाबाईला, म्हणजे त्याच्या आईला, उतरावं लागायचं. ती चालत पलीकडे जाऊन उभी राहायची, गाडी रिकामी खरडत यायची, मग ती पुन्हा बसायची. तांड्यावरची माणसं विचारायची, गाडी बाईला नेते की बाई गाडीला.

शेवटी हंसाबाईनेच मुलाला लोहाऱ्याच्या एमआयडीसीत आपल्या भावाच्या गॅरेजवर पाठवलं. गिऱ्हाइकाशी बोलायचं काम लखीरामच्या भागीदाराचं, गोपालचं. त्याने बबलूला तीन उपाय सांगितले होते. स्प्रिंगवर रबराचे गुटके बसवायचे. स्वस्त, पण गाडी कायमची उंच. हे ऐकून बबलूचं तोंड उतरलं. दुसरा, आट्यांचा शॉकअप. उंची कमी-जास्त होते, पण दर वेळी पाना घेऊन चाकाशी बसायचं. आणि तिसरा, हवेचा. पुढच्या दोन चाकांवर स्प्रिंगच्या जागी रबराच्या पिशव्या, डिक्कीत छोटा कॉम्प्रेसर, गिअरजवळ बटण. शहरातल्या दत्त चौकात खाली, तांड्यावर वर. बबलू हसला तेव्हाच गोपालला कळलं होतं की काम ठरलं.

लखीरामने जॅक लावला, खाली टेकूची लोखंडी घोडी सरकवली आणि चाक काढलं. साबणाचं पाणी आधी नळीच्या सांध्यांवर मारलं. काही नाही. मग पिशवीवर. घडीच्या खालच्या अंगाला एक बुडबुडा आला, मोठा झाला, फुटला, त्याच जागी दुसरा आला.

पिशवी नवी होती. निदान गोपालने ती नवी म्हणून आणली होती. पूर्वी लखीराम स्वतः पिशव्या निवडायचा, दाबून, वाकवून बघायचा. वर्षभरापासून गोपाल नागपूरहून तयार संच आणत होता, रंगवलेला, शॉकअपवर चढवलेला. लखीरामने फक्त बोल्ट कसायचे. एक-दोनदा खोक्यांच्या पट्ट्या आधीच फाडलेल्या दिसल्या होत्या. त्याने विचारलं नव्हतं. ज्याच्या डब्यातली भाकर इतकी वर्षं खाल्ली, त्याला खोकं कोणी फोडलं हे काय विचारायचं.

त्याने पेट्रोलच्या फडक्याने पिशवी पुसली. काळं पॉलिश निघालं आणि खाली गोल ठिगळ दिसलं, कानशीने घासून सपाट केलेलं. मग त्याने वरचं लोखंडी कडं पुसलं. एका जागी रंगाखाली पुट्टी भरलेली होती. स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने ती खरवडली, तेव्हा आतून आरीने पाडलेली खाच उघडी पडली.

खाच त्याची स्वतःची होती. निकामी पिशवी काढली की तिच्या कड्यावर तो आरीने खाच पाडायचा, भंगारातून ती फिरून गॅरेजवर आलीच तर ओळखता यावी म्हणून. या खाचेचा अर्थ जगात दोनच माणसांना ठाऊक होता, त्याला आणि गोपालला.

गोपाल आला तेव्हा लखीराम घोडीजवळच उकिडवा बसलेला होता.  त्याने कड्यावर बोट ठेवलं. गोपालने बघितलं, मोबाइल खिशात घातला आणि आधी शेडचं दार लोटून घेतलं.

मग तो बरंच बोलला. पक्कं व्हल्कनायझिंग केलं आहे, पंक्चर काढलेल्या टायरवर अख्खा जिल्हा फिरतो, नवी पिशवी परवडत नाही, गिऱ्हाईक मोबाइलवर भाव बघून येतं. लखीरामने ऐकून घेतलं.

"अजून कोण्या कोण्या गाडीले लावली?"

"असतीन दोन-तीन."

"मी झोपलो त्यायच्या खाली?"

 हे विचारायची गरजच नव्हती. झोपून दाखवणं ही या गॅरेजची रीतच होती. गाडी द्यायच्या दिवशी गिऱ्हाइकासमोर बटण दाबून ती वर करायची, जॅक नाही, घोडी नाही, आणि तिच्या पोटाखाली लखीरामने पाठीवर झोपायचं. बटण गोपालच्या हातात. कल्पना गोपालचीच. ते बघायला दारव्हा, पुसदची पोरं यायची, व्हिडिओ काढायची. अशा बसक्या गाडीची हवा गेली तर खाली माणसाला जागा उरत नाही, हे लखीरामला माहीत होतं. पण पिशव्या आधी त्याच्या पारखीच्या होत्या, नंतर गोपालने आणलेल्या, आणि बटणावरही गोपालच होता.

"मले सांगतलं काहून नाई?"

"तुले सांगतलं असतं तं तू झोपला नसता," गोपाल म्हणाला. आवाजात राग नव्हता, समजूत घालावी तसा तो बोलत होता. "आन् तू झोपला नसता तं गाडी गेली नसती. लख्या, लोकं माह्या बोलण्यावर गाडी नेत नाईत. तू खाली झोपतो म्हणून नेतात."

लखीराम उठला नाही. ट्रकच्या स्प्रिंगपाट्यांच्या दुकानात दोघं नोकर होते तेव्हा त्याच्या पायावर पाट्यांची लोखंडी कमान पडली होती. त्या वेळी दवाखान्यात गोपाल बाजूला जमिनीवर झोपला होता. बोरी अरबहून त्याची आई लखीरामसाठी वेगळा डबा पाठवायची. म्हणूनच हंसाबाई दर राखीला सांगायची, भिया, फुलसावंगीत जागा आहे, सोताचं गॅरेज टाक, आणि दर राखीला तो म्हणायचा, बघू. गोपालला कसं सांगायचं, एवढ्यावरच ते अडलेलं होतं.

बाहेर ऑटो थांबला; हंसाबाई आणि बबलू गाडी न्यायला आले होते. गोपालने घाईने चाक उचलून लखीरामच्या पुढ्यात ठेवलं. "आज घालून दे. पिशवी पुढच्या हप्त्यात बदलू. घरचीच गाडी आहे, कोण बोंबलते?"

लखीरामने चाक बसवलं. हात आपोआप चालत होते. नट कसून झाले, घोडी निघाली, जॅक उतरला. गोपालने दार उघडलं तेव्हा त्याचा चेहरा गिऱ्हाइकासमोर असतो तसा झाला होता.

हंसाबाई नारळ घेऊन आली होती. बबलूने मोबाइल काढूनच ठेवला होता. गोपालने बटण दाबलं. कॉम्प्रेसर घरघरला आणि गाडीचं नाक उचललं गेलं. हंसाबाईने तोंडाला पदर लावला. मग आपण न वाकता आत बसू शकतो का ते तिने बसून पाहिलं आणि उतरून पाहिलं. या वयात गाडीनेच उठून मान दिला, म्हणाली.

"आता झोपा लखीरामभाऊ," गोपाल म्हणाला. चारचौघांत तो त्याला नेहमी भाऊ म्हणायचा. "बबलू, घे व्हिडिओ."

लखीराम जागचा हलला नाही.

"दर वेळी आमचाच भिया काहून झोपते जी?" हंसाबाई हसत म्हणाली. "गोपालभाऊ, आज तुमी झोपा. बटण त्याच्याजवळ द्या. माही गाडी आहे, एवढं तं ऐका."

बबलूने मोबाइल गोपालकडे वळवला. "हो काका, झोपा ना. भारी येईन."

गोपाल हसला. त्याने गाडीखाली बघितलं, डाव्या चाकाकडे बघितलं. मग पांढऱ्या शर्टावरून हात फिरवला.

"माह्या पाठीचं दुखणं आहे बाई," तो म्हणाला. "डॉक्टरनं जमिनीवर झोपू नको म्हणलं."

कॉम्प्रेसर आपोआप बंद झाला.  बबलूचा हात हळूहळू खाली आला. हंसाबाईने गोपालकडे, मग भावाकडे पाहिलं. ती हसायची थांबली.

लखीराम बटणापाशी गेला आणि त्याने गाडी खाली बसवली, पार जमिनीला लागेपर्यंत. किल्ली काढून बहिणीच्या हातात दिली.

"बाई, गाडी आज नेऊ नोको. पिशवी जुनी आहे, फुटकी. मले आत्ता समजलं. अजून दोन-तीन गाड्यायले लावल्या आहेत, त्या लोकायले मी आजच फोन करतो."

"लख्या," गोपाल हळूच म्हणाला.

लखीराम त्याच्याकडे वळला. आवाज चढला नव्हता. एखादं माप सांगावं तसा तो बोलला.

"गोपाल, आपलं सरलं. मी फुलसावंगीले वेगळं टाकून राह्यलो."