पोरानं फिरवलेलं पाणी

मे महिन्यात हैदराबादेत माणूस सावली धरून चालतो, आणि सावलीसुद्धा नखरे करते. अशा गावात भिवाजीची अठ्ठावीस वर्षं थंडीची राखण करण्यात गेली. तारनाक्याजवळच्या एका संशोधन संस्थेत तो हेलियमचा ऑपरेटर होता, म्हणजे हा वायू गार करून त्याचं पाणी करायचा. नांदेडकडून आलेला, आयटीआय झालेला माणूस. पण टाकीवर टिचकी मारून आत किती हेलियम उरलंय ते सांगायचा, आणि ते बरोबर निघायचं. या गोष्टीचा त्याला एवढा ताठा की दिलसुखनगरच्या घरातला फ्रिज बिघडला तर मेकॅनिकला शिवू द्यायचा नाही. त्यात दोन फ्रिज कामातून गेले, ही गोष्ट वेगळी.

त्याचा एकुलता एक मुलगा प्रबुद्ध त्याच प्रयोगशाळेत पीएचडीला लागला, तेव्हा भिवाजीनं सगळ्या खात्यात पेढे वाटले. आणि पहिल्याच आठवड्यात पंप नीट बंद केला नाही म्हणून पोराला चारचौघांत झापलं. "इथं मी तुझा बाप नाही, समजलं?"

"हौ अण्णा," प्रबुद्ध म्हणाला, "पण घरी गेल्यावर आठवण ठेवा."

आपण नक्की काय करतो, हे प्रबुद्धनं आईला, मालनबाईला, जेवताना समजावलं होतं. वाटीतलं वरण बोटानं फिरवलं आणि म्हणाला, "माय, हे थोड्या वेळात थांबतं. का? वाटीला घासतं म्हणून. हेलियम भयंकर गार केलं, ज्याखाली गारवाच नाही त्या शून्याच्या दोन अंशांत आणलं, की ते घासतच नाही. एकदा फिरवलं की फिरतच राहतं. त्यात भोवरे पडतात, पण सगळे एका मापाचे. मोठा नाही, बारका नाही, अर्धा तर नाहीच नाही. हे भोवरे सुटले, एकमेकांत गुंतले, की फिरणं मंदावतं."

म्हणून त्यानं एका पोकळ कड्यात पिठासारखी बारीक पूड ठासून भरली होती. भोवरे त्या पुडीत अडकून बसतील, सुटणारच नाहीत, आणि पन्नास दिवसांनीही गती तसूभर कमी होणार नाही, असं त्याचं म्हणणं. बाकीचे म्हणत, पंधरा दिवस काढले तरी पुष्कळ झालं.

"पण फिरतंय हे कळायचं कसं?" मालनबाईनं विचारलं.

"तेच तर अवघड आहे. गार असेपर्यंत कळत नाही. मुद्दाम ऊब द्यायची. दोन अंशांच्या जरा वर गेलं, की ते साध्या पाण्यासारखं होतं, कड्याला घासतं आणि आपली सगळी गती एका धक्क्यात कड्याला देऊन टाकतं. कड्याला आरसा लावलाय. भिंतीवरच्या पट्टीवर उजेडाचा ठिपका सरकतो. जेवढा सरकला, तेवढं फिरत होतं."

"म्हणजे जाताना सांगून जातं."

"हौ, माय. एकदाच."

जूनच्या पहिल्या सोमवारी प्रबुद्धनं कडं फिरवत फिरवत गार केलं, मोटार थांबवली, आणि फळ्यावर लिहिलं: बावीस जुलै, पन्नासावा दिवस, मोजायचं. तोवर दर दिवशी संध्याकाळी पाच वाजता हेलियम भरायचं आणि वहीत तापमान लिहायचं, हे काम भिवाजीकडे.

चौथ्या दिवशी, गुरुवारी, पाचला दहा कमी असताना भिवाजी नळी जोडायला उठला आणि फोन वाजला. प्रबुद्ध अफझलगंजला पितळी चिमटे आणायला गेला होता. येताना त्याच्या गाडीला पाण्याच्या टँकरनं उडवलं. भिवाजी होता तसा पळाला. त्याच्यामागे अख्खी प्रयोगशाळा दवाखान्यात आली. साताच्या आत सगळं संपलं.

शुक्रवारी उजाडता उजाडता पोलिसांच्या कागदांसाठी पोराचं ओळखपत्र हवं होतं, ते आणायला भिवाजी प्रयोगशाळेत आला. तापमानाचा काटा दीड अंशावर असायला हवा होता. तो नऊवर उभा होता. टाकीतलं हेलियम रात्रीच उडून गेलं होतं, म्हणजे कड्यातलं फिरणंही रात्रीच थांबलं होतं.

भिवाजीनं नळी जोडली. टाकी भरली, पंप लावला, काटा हळूहळू दीडवर आला. मग त्यानं वही उघडली आणि प्रबुद्धच्या अक्षराखाली, गुरुवारच्या आणि शुक्रवारच्या रकान्यात, नेहमीच्या टपोऱ्या आकड्यांत लिहिलं: १.५, १.५. का लिहिलं? पोराला हात देता आला नाही, त्याचं हे एवढंसंही गेलं असं आपल्याच हातानं त्याला लिहवेना. पुढे त्यानं स्वतःची समजूतही घातली. काट्याची तार जुनी आहे, मधूनच खोटं दाखवते. झाकली मूठ सव्वा लाखाची.

मूठ झाकलेलीच राहिली असती, पण दुसऱ्या आठवड्यात मालनबाईनं विचारलं, "अहो, त्याचं ते पाणी फिरायलंय का अजून?"

भिवाजी "हौ" म्हणाला. एवढा एकच शब्द, पण त्यात तो पुरता अडकला.

पुढच्या रविवारी मालनबाई त्याच्याबरोबर आली. कडं ज्यात ठेवलं होतं त्या स्टीलच्या उंच पिंपाशेजारी स्टुलावर बसली आणि बोलायला लागली. शेजारच्या दीपमालाला नोकरी लागली. तुझी निळी पँट कुणाला देणार नाही. असं काहीबाही. दर रविवारी ती येत राहिली. घरी तिचं रडणं थांबलं, दोन घास पोटात जायला लागले. नातेवाईक म्हणाले, बाई खंबीर निघाली. भिवाजी मात्र पिंपाकडे पाठ करून पंपाचं तेल बघायचा, नको तेव्हा, नको तितकं.

एकवीस जुलैला, रविवारी, मालनबाई सकाळीच येऊन गेली आणि दुपारी भिवाजी तिथं एकटाच होता. मोटारीचं बटण हाताशी होतं. थोडं उबवायचं, कडं फिरवायचं, पुन्हा गार करायचं. सहा तासांचं काम. उद्या ठिपका झोकात सरकला असता आणि ब्रह्मदेवालाही कळलं नसतं. त्यानं बटणावर बोट ठेवलं. मग काढलं. ते फिरणं त्याचं स्वतःचं झालं असतं, त्यावर पोराचं नाव घालायला त्याचं मन धजेना. पण खरं सांगायलाही धजेना. काटाच खोटा असेल, या एका आशेवर तो घरी गेला.

दुसऱ्या दिवशी प्रबुद्धच्या गाइड, सुशीला मॅडम, स्वतः मोजायला उभ्या राहिल्या. शहरातल्या जुन्या वकिलांच्या घराण्यातली बाई, बोलणं मोजून मापून. पण मालनबाईला त्यांनी हाताला धरून भिंतीसमोर उभं केलं. "हा ठिपका बघा. इथून चाळिसापर्यंत जायला पाहिजे. परेशान होऊ नका, हळू जाईल."

त्यांनी ऊब दिली. काटा चढला. एक पूर्णांक आठ. दोन. दोनच्या वर. अडीच.

ठिपका शून्यावर होता. मालनबाई पापणी न लववता बघत होती. काटा तीनवर गेला, चारवर गेला. ठिपका शून्यावरच.

मॅडमनी वही ओढली. "मधेच कधीतरी गेलं ते. भोवरे सुटले असणार. प्रबुद्धचा अंदाज चुकला. संशोधनात असं होतं, त्यात कमीपणा नाही. आपण तसंच लिहू."

"म्हणजे माझं लेकरू चुकलं?" मालनबाई म्हणाली.

भिवाजी पुढे आला. "पोरगं नाही चुकलं, मॅडम. मी चुकलो. त्या गुरुवारी हेलियम भरलंच नव्हतं. सकाळी आलो तर काटा नऊवर. वहीतले आकडे माझे आहेत. खोटे आहेत."

मॅडमचं पेन थांबलं. मालनबाईनं मान वळवली.

"कवा थांबलं?"

"गुरुवारी. रात्री कवातरी."

"त्याच गुरुवारी?"

"हौ."

"मग मी इतके रविवार कुणाशी बोलायले होते?"

भिवाजीनं खाली मान घातली.

मॅडम म्हणाल्या, "हे सगळं वहीत लिहावं लागेल, भिवाजी. तुमच्या हातानं, तुमच्या सहीनं. वर कळवावंही लागेल."

"कळवा. नोकरीचं काय व्हायचं ते होऊ द्या." त्यानं पेन घेतलं.

"आधी हे लिहा," मालनबाई म्हणाली, "की माझं लेकरू बरोबर होतं."

मॅडमनी डोळे मिटले, उघडले. "तसं लिहिता येत नाही, मालनबाई. चुकला असं म्हणता येत नाही, एवढंच. बरोबर होता का, ते आता कुणालाच माहीत नाही."

"मग पुन्हा करा की."

"एकदा अशी ऊब लागली की आतली पूड सैल होते, कडं नव्यानं भरावं लागतं. ते भरायला त्याला दोन वर्षं लागली. तशी पूड भरणारा हात त्याचाच होता. मला येत नाही ते."

भिवाजीनं लिहिलं. तारीख, वेळ, हेलियम भरलं नाही, तापमान नऊ, नोंद खोटी. अक्षर वाकडं गेलं. खाली सही केली. मालनबाईनं ते शेवटपर्यंत वाचलं आणि वही मॅडमच्या हातात दिली.

बाहेर त्यानं स्कूटर काढली. ती बसली नाही.

"घरी यायचं ना?" त्यानं विचारलं.

"येते. तुमचंबी लेकरू होतं, मला कळतंय. पण आज तुमच्यामागं बसवत नाही."

ती बसथांब्याकडे चालत गेली. बस आली, ती चढली. भिवाजी स्कूटरवरून त्या बसच्या मागे राहिला. प्रत्येक थांब्यावर ती उतरते की काय म्हणून मान उंच करून बघायचा आणि पुन्हा निघायचा. ती दिलसुखनगरलाच उतरली. दुकानांची, क्लासच्या पोरांची ही गर्दी. चार पावलं चालली, आणि थांब्याच्या लोखंडी बाकावर बसून एकदम गळा काढून रडायला लागली. येणारे जाणारे थबकले. इतके आठवडे तिनं काही ना काही धरून ठेवलं होतं. तिचं पोर आज गेलं होतं. भिवाजीनं स्कूटर कडेला लावली. तिच्याजवळ जायला पाऊल उचलत नव्हतं, आणि तो हँडल धरून तिथंच उभा राहिला.