मेल्यात जमा

पेन्शन कचेरीत चौतीस वर्षं काढलेल्या माणसाला जिवंत आणि मेलेला यांतला फरक विचारू नये. तो सांगेल, फरक एका कागदाचा. दरवर्षी हयातीचा दाखला ठरल्या तारखेला आला की माणूस डाव्या गठ्ठ्यात, नाही आला की उजव्या. उजव्या गठ्ठ्याला सारी कचेरी 'मेल्यात जमा' म्हणायची आणि तो गठ्ठा हेडक्लार्कांच्या टेबलावर असायचा. एकदा एक म्हातारा छत्री आपटत स्वतःच येऊन उभा राहिला. "हा बघा मी! जिवंत!" हेडक्लार्कांनी चष्म्यावरून पाहिलं. "ते दिसतंय हो. कागद कुठाय?" हा किस्सा ते निवृत्तीनंतरही सांगत, आणि शेवटी हसायची जबाबदारीही स्वतःच उचलत.

कचेरी सुटली, पण तो शब्द काही सुटला नाही. डब्यात दोन चमचे चहापूड उरली की ती संपल्यात जमा. शेजाऱ्याच्या मुलाचा एक पेपर अवघड गेला की तो नापासात जमा. आयुष्यातली कुठलीही गोष्ट पुरती होईस्तोवर थांबायचा त्यांना कंटाळा.

चार वर्षांपूर्वी बाईंचे थोरले भाऊ इस्पितळात होते. बाई म्हणजे हेडक्लार्कांची बायको. शाळेत चित्रकला शिकवायच्या म्हणून सगळी गल्ली त्यांना बाईच म्हणे. दुपारी इस्पितळातून फोन आला तो हेडक्लार्कांनी घेतला, आणि बाईंना म्हणाले, "दादा मेल्यात जमाच समज. आता धावपळ करून काय करायचंय? सकाळी निवांत निघू." दादा संध्याकाळपर्यंत शुद्धीवर होते. घडीघडी विचारत होते, ती निघाली का. बाईंना हे नंतर वहिनीकडून कळलं. त्या रडल्या नाहीत, भांडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "हा शब्द पुन्हा तुमच्या तोंडून बाहेर पडला, तर मी या घरात राहायची नाही."

बाई बोलल्या की करून दाखवतात, हे हेडक्लार्कांना पक्कं ठाऊक होतं. अठ्ठावन्नाव्या वर्षी, ते नको नको म्हणत असताना, त्या गाडी चालवायला शिकल्या होत्या. त्या ताकिदीपासून हेडक्लार्कांनी जीभ आवरून धरली. चहापूड नुसतीच संपत आली, असं म्हणू लागले.

त्या दिवशी दोघं चुलतभावाकडे जेवायला निघाले होते. गाडी अर्थातच बाई चालवत होत्या. दोन्हीकडे रान, मध्ये अरुंद डांबरी रस्ता, वर लख्ख ऊन.

"जरा दाब की. एकचं जेवण आहे, एकला पोचायला हवं."

"वळणं आहेत अहो."

"वळणं गेली आता. पुढे सरळ आहे सगळं."

बाईंनी दाबली. सरळ रस्त्यावरच, उजव्या हाताच्या झुडपातून, काहीतरी तपकिरी उडालं. ब्रेक लागला, पण उशिरा. धप्प असा आवाज झाला, गाद्यांचा ढीग खाली पडावा तसा.

हरणी होती. रस्त्याच्या कडेला गवतात कुशीवर पडली होती. मागचा एक पाय भलत्याच कोनात वळलेला, पोट भराभर वरखाली होत होतं, डोळे टक्क उघडे. बाईंनी अंगावरची शाल काढली, तिच्या डोळ्यांवर घातली आणि तिथेच मातीत बसल्या.

"डोळे झाकले की घाबरत नाहीत ती. कुठेतरी वाचलंय मी."

"म्हणून सांगत होतो, तू चालवू नकोस..."

"दाब कोण म्हणालं?"

हेडक्लार्क गाडीचा फुटलेला दिवा बघायला गेले.

थोडं मागे पाटी होती : जखमी प्राणी दिसल्यास या नंबरावर कळवा. इथे फोनला रेंज नव्हती, ती पुढच्या टेकाडावर मिळेल असं दिसत होतं. बाई म्हणाल्या, "जा तुम्ही. आणि नीट सांगा. जखमी आहे, पाय मोडलाय, पण डोकं हलवतेय. हिला वाचवायचीय मला. ऐकताय ना?"

"ऐकतोय गं."

टेकाड चढेपर्यंत हेडक्लार्कांना दम लागला, आणि दमापेक्षा भूक जास्त. दुसऱ्या घंटेला एका मुलीने फोन उचलला. आवाज कोवळा, पण बोलणं पाठ केलेलं.

"नमस्कार, क्रमांक सात बोलतेय. कुठला प्राणी?"

"हरीण. मादी."

"ठिकाण?"

"मैलाचा दगड बेचाळीस. तिथून पुढे साठ पावलं, डाव्या हाताला." अशी नोंद त्या मुलीने जन्मात ऐकली नसेल, असं वाटून हेडक्लार्क जरा ताठ झाले.

"जिवंत आहे की मेलेलं?"

हेडक्लार्कांनी मागे वळून पाहिलं. वरून सगळं लहान दिसत होतं. बाईंची वाकलेली पाठ, शाल, शालीखाली काहीतरी. हलत असेल तरी इथून कळत नव्हतं. बारा वाजून दहा मिनिटं झाली होती.

"जवळजवळ... मेल्यात जमाच."

"मेलेलं. बरं." पलीकडे बटणं दाबल्याचा टकटक आवाज आला.

तो आवाज हेडक्लार्कांनी ओळखला. कागद उजव्या गठ्ठ्यात पडला होता. नाही नाही, जिवंत आहे, असं म्हणायला एक श्वास पुरला असता. पण लिहिलेली नोंद खोडायची तर कारण द्यावं लागतं, आणि कारण द्यायचं तर आपण आत्ता काय बोललो ते पुन्हा उच्चारावं लागतं. ते घुटमळले तेवढ्यात मुलगी म्हणाली, "गाडी पाठवतेय," आणि फोन ठेवून मोकळी झाली.

गाडी म्हणजे गाडी, असं त्यांनी स्वतःला समजावलं आणि ते खाली उतरले.

"काय म्हणाले?"

"क्रमांक सात म्हणून कुणी मुलगी होती. गाडी पाठवतायत."

"डॉक्टर?"

"असेल की गाडीत."

"जिवंत आहे म्हणून नीट सांगितलंत ना?"

"चौतीस वर्षं नोंदी केल्यात मी. मला शिकवू नकोस."

तास गेला. बाईंनी रुमाल भिजवून हरणीच्या तोंडाला लावला, तिने दोनदा जीभ फिरवली. एकदा मान उचलली, तेव्हा बाई लहान पोरीसारख्या ओरडल्या, "अहो बघा, बघा!" हेडक्लार्क बघत नव्हते असं नाही.

मग पिवळ्या दिव्याचा ट्रक आला. त्यातून हातमोजे घातलेला एक जाडगेला माणूस उतरला, त्याच्यामागून ड्रायव्हर. दोघांनी मिळून फावडं आणि ताडपत्री काढली.

"व्हा बाजूला, मावशी." जाड्याने शाल उचलली आणि तो दचकून मागे सरला. "आयला! हे तर बघतंय!"

"बघणारच! जिवंत आहे ती. डॉक्टर कुठायत?"

"डॉक्टर कसले? आम्ही मेलेली उचलणारी माणसं. जिवंताला हात लावायची आम्हाला परवानगी नाही, मावशी. जिवंताची माणसं वेगळी." त्याने फोन काढून दाखवला. "हे बघा, मेलेलं असंच लिहिलंय."

ड्रायव्हर टेकाडावर जाऊन फोन करून आला. येताना पाय ओढत आला. "डॉक्टर पलीकडच्या गावाला गेलेत, तारेत घुबड अडकलंय म्हणून. तुमचा फोन आला तेव्हा इथून दहा मिनिटांवर होते म्हणे. जिवंत लिहिलं असतं तर आधी इकडेच आले असते. आता निघतायत."

बाईंनी शाल पुन्हा हरणीच्या डोळ्यांवर ओढली.

डॉक्टर आले तेव्हा हरणी जाऊन दहा मिनिटं झाली होती. त्यांनी पोटाला हात लावून पाहिलं. "आत रक्त साचलं. पायाचं काही नव्हतं तसं. लवकर आलो असतो तर..." बाईंकडे बघून त्यांनी वाक्य तिथेच सोडलं. जाड्याने टोपी काढली, परत घातली आणि हळूच म्हणाला, "मावशी, आता आमचं काम." मघा ज्याला तो हात लावत नव्हता, ते आता रीतसर त्याचं झालं होतं.

परतीच्या वाटेवर गाडी हेडक्लार्कांनी चालवली. जेवणाचा विषय दोघांनीही काढला नाही. बऱ्याच वेळाने बाईंनी विचारलं, "त्या मुलीने मेलेलं कसं काय लिहिलं?"

"आता मला काय माहीत?"

"तुम्ही नेमकं काय सांगितलंत?"

हेडक्लार्कांची नजर रस्त्यावर होती. इतक्या नीट त्यांनी आयुष्यात गाडी चालवली नव्हती. "जखमी. मागचा पाय. तू सांगितलंस तसंच."

बाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग मान वळवून म्हणाल्या, "मग सोडायचं नाही तिला. तक्रार लिहा. तुमच्यासारखं पत्र कुणाला जमणारेय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी ते टेबलाशी बसले. क्रमांक गाळावा, असं एकदा मनात आलं. पण क्रमांक नसलेली तक्रार कुठल्या टोपलीत जाते, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? आणि बाई मागे उभ्याच होत्या. "नंबर लक्षात आहे ना?"

"सात."

पत्र उत्तम झालं. तीन परिच्छेद, एक खाडाखोड नाही. 'प्राणी जखमी असल्याचे सुस्पष्टपणे कळवूनही' हे वाक्य तर बाईंनी दोनदा वाचलं. सहीसुद्धा त्यांनी स्वतः केली, धक्का माझ्या हातून लागला म्हणाल्या.

तीन आठवड्यांनी उत्तर आलं. बाईंनी ते उभ्या उभ्या फोडलं, वाचलं आणि आत जाऊन न मागता चहा करून आणला. "तुमच्या लेखणीला मात्र मानलं पाहिजे हो," म्हणाल्या. एवढं कौतुक हेडक्लार्कांच्या वाट्याला लग्नानंतर पहिल्यांदाच आलं. मग बाईंनी धाकट्या बहिणीला फोन लावला, सगळी हकीकत सांगितली आणि फोन नवऱ्यापुढे धरला. "तुम्हीच वाचून दाखवा तिला."

हेडक्लार्कांनी चष्मा लावला. "'आपल्या तक्रारीची चौकशी करण्यात आली. सदर तात्पुरत्या कर्मचारी मुलीने, आपली ऐकण्यात चूक झाली असावी, असे मान्य केले आहे. तिला...'" इथे त्यांना खोकला आला. "'तिला कामावरून कमी...'"

"मोठ्याने वाचा," बाई म्हणाल्या. "तिला कमी ऐकू येतं."

हेडक्लार्कांनी मोठ्याने वाचलं.