बऱ्या झालेल्या आजाराची प्रार्थना

पिंपळगाव राजाच्या ख्रिस्ती मंडळीत जेमतेम अकरा घरं. पण सिंधूताई प्रार्थनेला उभ्या राहिल्या आणि एकाही बाईनं डोळ्याला पदर लावला नाही, असं गेल्या वीस वर्षांत घडलं नव्हतं. एरवी ठसठशीत वऱ्हाडी बोलणाऱ्या सिंधूताई देवाशी मात्र पुस्तकी मराठीत बोलत. सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून जन्म गेलेला, त्यामुळे कोणाला साखर आहे, कोणाच्या पोटात गाठ आहे, कोणाचा नवरा लपूनछपून पितो, हे सगळं त्यांना पाठ. आणि देवापुढे त्या काही हातचं राखत नसत. 'प्रार्थनेचा विषय' म्हटलं की झालं. चहा पिताना जे बोलायला जीभ कचरते, ते डोळे मिटून बेधडक बोलता येतं. ही सोय मंडळीतल्या बाकीच्या बायांनाही पुरती ठाऊक होती. चुगलीचा ठपका नको, आणि बातमी तर अकराही घरी पोचते.

दर बुधवारसारखी त्या बुधवारचीही प्रार्थना कोकिळाच्या घरी होती. कोकिळा म्हणजे सिंधूताईंची भिंतीला भिंत लागून शेजारीण. नवरा वारलेला, स्वतः अंगणवाडीत मदतनीस. तिच्या पूनमचं लग्न नांदुऱ्याच्या दीपकशी ठरलं होतं आणि साखरपुड्याला पंधरा दिवस उरले होते. पोरगा शाळेत शिक्षक, निर्व्यसनी. त्याची आई झुंबरबाई घर बघायला म्हणून आल्या होत्या. बुधवार आहे म्हटल्यावर प्रार्थनेलाही थांबल्या आणि सतरंजीवर अगदी पुढे बसल्या. गीतं झाली, बायबलमधलं वचन वाचून झालं. शेवटची प्रार्थना सिंधूताईंची, हे ठरलेलंच.

"हे दयाळू बापा," त्यांनी सुरुवात केली. पीकपाण्याचं मागून झालं, चर्चच्या पाळकसाहेबांच्या गुडघ्यांचं झालं. मग आवाज जरा खाली आणून त्या म्हणाल्या, "आणि प्रभू, आमच्या पूनमच्या फिटीच्या आजारावर तुझा हात ठेव. नव्या घरी तिला फिट येऊ देऊ नकोस. येशूच्या नावानं मागते."

"आमेन," सगळे म्हणाले. झुंबरबाईंचं आमेन जरा उशिरा आलं.

आता पूनमला फिट आली होती, हे खोटं नव्हे. पण ती चौथ्या वर्षी, तापात, एकदाच. दवाखान्यात तिला कुशीवर वळवून धरणाऱ्या नर्स सिंधूताईच होत्या. ताप फार चढला की लहान लेकरांना होतं असं कधी कधी, हा काही आजार नाही, असं डॉक्टर त्यांच्यासमोरच म्हणाले होते. त्याला वीस वर्षं झाली. पोरीला पुन्हा कधी काही झालं नाही. म्हणजे सिंधूताईंनी बऱ्या झालेल्या पोरीला बरं कर म्हणून देवाला साकडं घातलं. ती बरी आहे हे देवाला माहीत होतं. झुंबरबाईंना नव्हतं.

चार दिवसांनी नांदुऱ्याहून कोकिळाला फोन आला: सध्या थांबू. का थांबायचं ते कोणी सांगितलं नाही आणि सांगायची गरजही नव्हती.

पुढच्या आठवड्यात दुसरा फोन आला, तो सिंधूताईंना. "तुमच्या प्राचीसाठी कुठं पाहून राह्यले का?" झुंबरबाईंनी विचारलं. प्राची म्हणजे सिंधूताईंची पुतणी. आईबाप गेले तेव्हापासून त्यांनीच सांभाळलेली. गेल्या नाताळात दीपकला पाहिल्यापासून सिंधूताईंच्या मनात तो तिच्यासाठी भरला होता, पण कोकिळानं आधी शब्द टाकला. फोन ठेवला तेव्हा त्यांना आनंद मावेना. सवयीप्रमाणे त्या तिथंच गुडघ्यावर आल्या. "प्रभू, तुझ्या इच्छेप्रमाणे झालं," असं म्हणायला लागल्या आणि अडखळल्या. कोणाच्या इच्छेप्रमाणे?

त्यांना आठवलं. त्या बुधवारी पूनमचं नाव घेण्याआधी त्यांनी क्षणभर डोळे उघडले होते. झुंबरबाई कुठं बसल्या आहेत, एवढंच पाहिलं होतं, आणि पुन्हा मिटले होते.

दोन दिवस त्यांनी स्वतःला समजावलं. शब्द वाईट नव्हते, देवाजवळच मागितलं, कोणाचं वाईट चिंतलं नाही. सगळं बरोबर होतं आणि तरी पटत नव्हतं. बाई स्वच्छतेची मोठी भोक्ती, घरात धुळीचा कण चालायचा नाही. पण हात पोचत नाही अशा जागी घाण असली की माणूस नुसताच चिडतो, तसं त्यांचं झालं. उगाच प्राचीवर ओरडल्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी कोकिळा आली. डोळे सुजलेले. "ताई, माह्यासंग नांदुऱ्याले चाला. तुम्ही नर्स होत्या, तुमचं आयकतील ते. पोरगी जेवून नाही राह्यली."

"कोकिळे, मीच तं..."

"तुमचा काय दोष? तुम्ही चांगल्यासाठीच केली प्रार्थना."

यापेक्षा तिनं दोन थोबाडीत ठेवून दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

एसटीत बसल्या बसल्या सिंधूताईंनी वाक्य तयार केलं: म्हातारं माणूस, जीभ घसरली. मोठं सोयीचं वाक्य. पूनमचं लग्न होईल, कोकिळा जन्मभर उपकार मानेल आणि मंडळीत आपलं नावही राहील. साप मरेल, काठीही तुटायची नाही. नांदुरा येईपर्यंत त्यांनी ते चार-पाच वेळा घोळवून घेतलं.

दीपकचे वडील उत्तमराव निवृत्त पोस्टमास्तर. त्यांनी ख्रिस्ती रिवाजाप्रमाणे सलाम केला, खुर्च्या दिल्या, चहा सांगितला. सिंधूताईंनी ताप, वीस वर्षांपूर्वीचा दवाखाना, डॉक्टरांचं म्हणणं, सगळं नीट सांगितलं. उत्तमराव मान डोलवत होते. झुंबरबाईंनी मात्र मधेच विचारलं, "पोरगी बरी होती, तं मंग तुम्ही तशी प्रार्थना काऊन केली?"

"जीभ..." सिंधूताई म्हणाल्या. शेजारी कोकिळा बसली होती. 'हो हो, तसंच झालं असंल,' अशी भाबडी मान हलवत, त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आधीच ते मान्य करून टाकत. सिंधूताईंना स्वतःची किळस आली.

"जीभ नाही घसरली," त्या म्हणाल्या. "मले ठाऊक होतं पोरगी बरी हाये म्हून. तुम्ही पुढं बसल्या होत्या. तुमाले आयकू जावं म्हूनच म्हटलं मी. तुमचा दीपक मले माह्या प्राचीसाठी पाह्यजे होता."

कोकिळाची मान हलायची थांबली.

उत्तमरावांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "म्हणजे खोट पोरीत नव्हती," ते म्हणाले. "तुमच्यात होती."

"हाव. माह्यातच होती."

झुंबरबाई उठल्या. कोकिळाचा हात धरून तिला आत घेऊन गेल्या. साखरपुडा ठरल्या दिवशीच होईल, दीपक तर पहिल्यापासून पूनमसाठीच हटून बसलाय, हे सिंधूताईंना बाहेर बसून भिंतीपलीकडून ऐकू आलं. त्यांना आत कोणी बोलावलं नाही. उत्तमरावही उठून आत गेले; बाहेर चहा आला तोही एकच कप.

परतताना कोकिळा एसटीत पुढच्या बाकावर बसली. घराशी आल्यावर कुलूप उघडता उघडता, मागं न पाहता म्हणाली, "माफ करीन मी. करा लागते. पण आज नाही होऊन राह्यलं."

"मी बुधवारी येऊ का नको?"

कोकिळानं कडी काढून दार आत ढकललं. मग म्हणाली, "या. पण मोठ्यानं नका करू. मनातल्या मनात करा."

बुधवारी सिंधूताई गेल्या. एव्हाना अकराही घरी कळलं होतं, आणि यावेळी त्यासाठी कोणाला डोळे मिटावे लागले नव्हते. त्या मागं, दाराजवळ बसल्या. शेवटची प्रार्थना दुसरीच कोणी बाई करत होती, चाचरत, शब्द शोधत. सिंधूताईंनी डोळे मिटले आणि मनातल्या मनात सुरुवात करायला गेल्या. ऐकणारं कोणी नसताना देवाला काय सांगायचं, हे त्यांना सुचेना. एक एक वाक्य मनात येई, आणि ते कोणासाठी आहे हे ओळखून त्या ते सोडून देत.

सगळ्यांचं आमेन झालं. बाया उठल्या, चपला शोधू लागल्या, गेल्या. कोकिळा सतरंजी गुंडाळत दारापर्यंत आली. सिंधूताई डोळे मिटून अजून सतरंजीच्या टोकावर बसून होत्या. कोकिळानं हातातली गुंडाळी सोडली आणि सतरंजी तशीच राहू दिली.